एकाच काचेवरचा ठिपका

धुळीबद्दल मला कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी धूळ ओळखण्याचाच पगार खाल्लाय. घरातली नव्हे, माझ्या सोफ्याखाली काय काय आहे ते विचारू नका. डोंगरावरच्या वेधशाळेत तळमजल्याला काचांची खोली होती, काचघर म्हणायचो आम्ही, तिथली.

आमच्या काचा ऑस्ट्रेलियाहून विमानाने यायच्या, लाकडी पेट्यांत. तिथल्या दुर्बिणीने या काचांवर आभाळाचे फोटो काढायचे आणि इथे स्कॉटलंडमध्ये आम्ही ते तपासायचे, कारण आभाळ त्यांच्याकडे होतं आणि मोजणीचं यंत्र आमच्याकडे. आमच्या आभाळात बघण्यासारखं ढगांखेरीज काही नसतं. एकेक काच दीड वीत लांब, दीड वीत रुंद, जाडीला मिलिमीटरभर. काचेवर सगळं उलटं उमटतं: रात्र पांढरी आणि तारे काळे. दुधाच्या बशीवर मिरपूड उधळावी तसे लाखो काळे ठिपके. आता यंत्राला काय कळतंय? त्याला तारा आणि धुळीचा कण सारखाच. म्हणून काच यंत्रात जायच्या आधी भिंगाखाली ठेवून कोपरा न् कोपरा बघायचा आणि जे तारे नाहीत त्यांची यादी करायची. यादीतले ठिपके यंत्र सोडून द्यायचं. हे काम माझं आणि मर्डो गेडिसचं.

मर्डो लुईस बेटावरच्या कोळ्याचा मुलगा, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. लहानपणी बापाच्या जाळ्यातली भोकं शोधून शोधून त्याचे डोळे तयार झालेले. मी कापडाच्या गिरणीतून आलेली. तिथे लोकरीचे तागे दिव्यावरून सरकायचे आणि मी त्यातल्या गाठी नि तुटके धागे हेरायचे. डिग्री दोघांकडेही नव्हती. फरक एवढाच, की मी काचेत खोट शोधायचे आणि तो तारे शोधायचा. अशी दोन माणसं एका खोलीत बसवल्यावर भांडणार नाहीत तर काय करतील.

आमची टेबलं शेजारी शेजारी होती, आणि प्रत्येक टेबलाला लांब दांड्याचा एक दिवा. माझ्या दिव्याचा दांडा जरा हलवला की असा करकरायचा, की दात आंबायचे. त्याला तेल घाला म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तर आलं की तेलाचा थेंब काचेवर उडाला तर जबाबदार कोण. दिवा हलवायची वेळ यायची ती ठिपक्याची खात्री करताना. दिवा आडवा करून तिरका उजेड पाडायचा. धूळ काचेच्या वर बसलेली असते, तिची बारीकशी सावली पडते. तारा काचेवरच्या लेपाच्या आत उमटलेला असतो, त्याची पडत नाही. पण प्रत्येक ठिपक्याला असे सोपस्कार करत बसलो असतो तर एक पेटी संपायला वर्ष लागलं असतं. म्हणून रोजच्या कामाला एक सोपा नियम होता. आभाळाच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन काचा असायच्या, एक साध्या लाल उजेडाची आणि एक अवरक्त, म्हणजे लालच्याही पलीकडच्या उजेडाची. दोन्ही काचांवर दिसेल तो तारा. एकीवरच दिसेल ती धूळ.

आमचा वाद झाला की हरणाऱ्याने साडेदहाच्या चहाचे कप धुवायचे, वरच्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञांचे धरून चौदा. मर्डो बऱ्याचदा हरायचा. पण कप धुताना त्याचे कान उघडे असायचे. वरची मंडळी चहा पिताना काय बोलतात ते सगळं तो खाली घेऊन यायचा. त्या वर्षी त्यांच्या तोंडी एकच विषय होता. म्हणे आभाळात असे गोळे असले पाहिजेत, की जे ताऱ्यासारखेच ढगातून जन्मले, पण अंगात माल कमी पडला म्हणून पेटलेच नाहीत. जन्माच्या वेळची ऊब तेवढी अंगात, तीही हळूहळू निवत चाललेली. चुलीवरून उतरवलेला तवा कसा, दिसायला काळा पण हात लावाल तर पोळाल. कागदावर असे गोळे ढिगाने होते. त्यांना नावही होतं, तपकिरी बटू. जगात कोणी एकही पाहिलेला नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये हस्त नक्षत्राच्या बाजूची एक अवरक्त काच आली. मर्डोने ती आधी तपासली आणि माझ्याकडे सरकवताना पाकिटावर पेन्सिलीने एका ठिपक्याची जागा टिपून लिहून दिलं: तारा, एम. जी. मी लाल काच काढून शेजारी लावली. त्या जागी कोरं होतं. मग झालं की. मी म्हटलं, ऊठ, कप धुवायला लाग.

मर्डो उठला नाही. म्हणाला, दिवा आडवा करून बघितलाय, सावली पडत नाही. आणि लाल काचेवर तो नसणारच, कारण तो इतका थंड आहे की त्याचा उजेड लालमध्ये मावतच नाही. मला हसू आलं. म्हटलं, वरच्यांचे कप धुऊन धुऊन तुला त्यांची भाषा लागली. तो जिना चढून गेला आणि हॅलक्रो साहेबांना घेऊन खाली आला. हॅलक्रो म्हणजे आमच्या विभागाचे मुख्य. ते कधी खाली यायचे नाहीत. यादीवर शेवटची सही माझी असायची, म्हणून त्यांनी मला विचारलं.

"सेंगा, दिवा आडवा करून बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं. "सावली आहे. धूळ."

नव्हतं बघितलं. दांड्याला हातसुद्धा लावला नव्हता. मी थाप मारली, आणि का मारली तेही सांगते, झाकून काय करायचंय आता. पेटीत अजून चाळीस काचा होत्या. माझा नवरा रॉय गोदीतल्या कामावरून कमी झालेला, दिवसभर खिडकीत बसलेला, आणि दोन पोरी शाळेत. काचघराच्या प्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती आणि माझं नाव पुढे होतं. कामात हयगय केली असं साहेबांसमोर कबूल करणं मला परवडणारं नव्हतं. पण ही सगळी नंतर जुळवलेली कारणं. खरं कारण हे, की मर्डो माझ्या डोक्यावरून वर गेला होता आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

हॅलक्रो साहेबांनी मर्डोच्या खांद्यावर थोपटलं आणि हसत म्हणाले, तारे आमच्याकडे असू देत. मर्डोने माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि जाऊन चौदा कप धुतले. मी पाकिटावरचं त्याचं अक्षर शाईने खोडून वर लिहिलं: धूळ, एस. बी. त्या दिवसानंतर मर्डो एकाही ठिपक्यासाठी माझ्याशी भांडला नाही. वर्षभरात त्याने पेट्यांच्या खोलीत बदली मागून घेतली. मी काचघराची प्रमुख झाले.

सात-आठ वर्षांनी जगात पहिले तपकिरी बटू खरोखर सापडले. एक ताऱ्याभोवती फिरणारा, एक कोणाभोवतीही न फिरणारा. वरच्या मजल्यावर केक कापला. मर्डोने आपला तुकडा खाल्ला, बशी विसळली आणि पेट्यांकडे परत गेला. मला तो केक गिळवेना. ती काच माझ्या खुर्चीपासून सतरा पावलांवर कप्प्यात होती. उठायचं, काढायची, दिवा आडवा करायचा, पाच मिनिटांचं काम. सावली पडली असती तर सुटले असते. पण नसती पडली तर? मी सतरा पावलं कधी चालले नाही.

आता मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. रॉय गेला, पोरी आपापल्या घरी. मंगळवारी आणि गुरुवारी मी वेधशाळेत फुकट जाते आणि जुन्या काचांची पाकिटं बदलते, कारण जुना कागद पिवळा पडून काचेला चिकटतो. मागच्या वसंतात एका गुरुवारी आयली खाली आली. आयली सिंक्लेअर, वरची संशोधक, तिशीची, डोंगर सायकलवरून चढून येते आणि मग तासभर धापा टाकत बोलते. इथली पोरं वयाचं काही धरत नाहीत, मलाही नावानेच हाक मारतात. म्हणाली, सेंगा, तुमच्याकडे हस्ताच्या बाजूची अवरक्त काच असेल का, ऐंशीच्या दशकातली? यंत्राच्या जुन्या यादीत त्या जागी काहीच नाही, पण मला खुद्द काच बघायची आहे.

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं. विचारलं, कशाला हवीय.

तिला नव्या दुर्बिणीच्या फोटोंत एक तपकिरी बटू सापडला होता. अगदी फिका, साठेक प्रकाशवर्षांवरचा. त्याच्या शेजारी, म्हणजे काचेच्या मापाने काडीपेटीतल्या काडीच्या गुलाएवढ्या अंतरावर, एक साधा तारा होता. प्रश्न असा होता की हा बटू त्या ताऱ्याच्या घरचा, त्याच्याभोवती फिरणारा, की आपला एकटाच चाललेला आणि आपल्याला तो ताऱ्याच्या शेजारी दिसतोय एवढंच. आयली म्हणाली, आभाळात सगळंच सरकतं. दोघं एकाच बाजूला, सारख्याच वेगाने सरकत असतील तर एका घरचे. पण तिच्याकडे चारच वर्षांच्या अंतराचे फोटो होते, आणि चार वर्षांत सरकणं इतकं थोडं की डोळ्यांचा भासही असेल. पस्तीस वर्षांपूर्वी तो कुठे होता हे कळलं तर निकाल लागला असता. तिला तो ताऱ्याच्याच घरचा निघायला हवा होता, कारण ताऱ्याचं वय ठाऊक होतं, मग बटूचंही कळलं असतं. एकट्याचं वय कोण सांगणार. तिने तसा लेखही अर्धा लिहून ठेवला होता.

मी सतरा पावलं चालले. पाकीट काढलं. वर माझं अक्षर, ठसठशीत, आणि खोडलेल्या रेघांखाली त्याची फिकट पेन्सिल.

काच टेबलावर ठेवली. भिंग तेच, टेबल तेच, दिवाही तोच, कारण सरकारी वस्तू मरत नाहीत. ठिपका होता. मी दांडा धरला आणि आडवा ओढला. तो असा करकरला की आयली दचकून मागे सरली. मी उजेड डावीकडून पाडला. मग उजवीकडून. मग खालून वर. सावली नव्हती. ठिपका बारीक बारीक कणांचा होता, कडा लोकरीच्या पिसासारख्या मऊ, लेपाच्या आत खोल बसलेला. माझ्या गिरणीत शिकलेल्या डोळ्यांनी मी त्यात खोट शोधत राहिले आणि ती मिळाली नाही.

मी हात एप्रनच्या खिशात घातले. मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते. साठ वर्षांच्या वाटेवरून तो उजेड आला होता. माझी आई चार वर्षांची असेल तेव्हा निघाला असेल. वाटेत कुठे अडला नाही, कुठे हरवला नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगरावर कोणी दुर्बिणीचं झाकण तासभर उघडं ठेवलं होतं, नेमका त्या तासात काचेवर येऊन टेकला. एवढा मोठा गोळा, ज्यात आपली पृथ्वी हजारदा मावेल, जो पेटला नाही तरी विझलाही नाही, आणि त्याने एवढ्या लांबून पाठवलेली ही टिकलीएवढी खूण. आणि मी तिच्यावर धूळ म्हणून सही केली होती. मी खुर्ची ओढून खाली बसले.

आयलीला मी म्हटलं, चूक माझी आहे. ती लगेच म्हणाली, छे, तुमची कुठली, नियमच तसा होता. दोन काचांवर हवा म्हटल्यावर तपकिरी बटू नेमके गाळले जाणारच, तेव्हा सगळ्या जगाने तेच केलं. पोरीने मला इतक्या सहज सोडवलं. मी तिला दुरुस्त केलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती मोजून आली. चेहरा कसनुसा, हसतेय की रडतेय कळेना. पस्तीस वर्षांत तारा काचेच्या मापाने केसाच्या जाडीएवढा पूर्वेला सरकला होता. बटूही केसाच्या जाडीएवढाच सरकला होता, पण दक्षिणेला. दोघांचा काही संबंध नव्हता. एकमेकांच्या वाटेवरून जाताना आपल्या नजरेला एका रेषेत आले होते, बस.

"तो कोणाचाच नाही, सेंगा," ती म्हणाली. "त्याला सूर्य नाही. त्याला दिवस नाही, वर्ष नाही. एकटा चाललाय, कधीपासून ते कोणालाच कळणार नाही."

अर्धा लेख फुकट गेला होता आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते लेखासाठी नव्हतं. मग तिने पाकीट उचललं, उजेडात धरलं आणि खोडलेली पेन्सिल वाचली. विचारलं, हे एम. जी. कोण? यांनी तर तेव्हाच ओळखलं होतं. लेखात यांचं नाव पहिलं यायला हवं.

मर्डो आता शहाऐंशी वर्षांचा आहे. खाडीकाठच्या वृद्धाश्रमात असतो. नाताळला मी कार्ड पाठवते, तो पाठवतो, तेवढाच संबंध. माझ्या मनात आलं, आयलीला एकटीलाच पाठवावं. ती सांगेल, तो खूश होईल, आणि नियमाची चूक होती एवढ्यावर सगळं मिटेल. रात्रभर मला ते पटत होतं. सकाळी दात घासताना आरशात तोंड बघितलं आणि पटेना. तो गेला आणि मी सांगितलं नाही, तर मग ही थाप मी कोणाला सांगणार होते? बुधवारी दुपारी आम्ही दोघी बसने गेलो. मी साखर-दुधाच्या वड्या करून घेतल्या, त्याला आवडायच्या म्हणून.

तो खिडकीशी बसला होता. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं, म्हणून माझ्याकडे बघायला त्याने मान खिडकीकडे वळवली. म्हणाला, आता मी सगळं जग तिरक्या नजरेने बघतो, फिका तारा बघावा तसं, आणि तू अजून तशीच जाड आहेस. मी म्हटलं, आणि तू अजून तसाच वात्रट. इतक्या वर्षांनी भेटून आमचं हे पहिलं बोलणं.

आयलीने त्याला सगळं सांगितलं. छान सांगितलं, मास्तरीण शोभली असती पोरगी. मर्डो तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. तो लालबुंद निखाऱ्यासारखा दिसत असेल, ती म्हणाली, कोणी जवळ जाऊन बघितला तर. नाव तपकिरी असलं तरी तपकिरी नव्हेच. त्याच्या आभाळात ढग आहेत, पण पाण्याचे नव्हेत, दगड वितळून त्याची वाफ होऊन गोठलेल्या बारीक रेतीचे. आणि त्याच्यासारखे एकटे आभाळात किती असतील याचा नीट हिशेब अजून कोणाकडे नाही. आपण ज्याला मोकळी जागा म्हणतो, तिथे असे किती जण अंधारातून चाललेले असतील.

"म्हणजे त्याच्या अंगावर धूळ आहे," मर्डो म्हणाला. "सेंगा अगदीच चुकली नव्हती म्हणायची."

आयली हसली. मला हसू आलं नाही. मी तिला म्हटलं, जा बाई, तीन कप चहा घेऊन ये. ती शहाणी आहे, माझ्याकडे एकदा बघून उठली आणि दार ओढून घेतलं.

मी वड्यांचा डबा उघडला. वडी त्याच्या हातात दिली. मग एकदाचं बोलले.

"मर्डो, मी त्या दिवशी दिवा हलवलाच नव्हता. साहेबांना खोटं सांगितलं."

त्याने वडीचा कोपरा तोडला, तोंडात टाकला आणि घोळवत राहिला. घाई नावाची गोष्ट त्या माणसाला कधीच नव्हती.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मी शेजारच्या टेबलाशी होतो, सेंगा. दिवा करकरला नाही."

कोणी तोंडात मारावी तसं मला झालं. पस्तीस वर्षं मी जे पोटात घेऊन फिरत होते, ते त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. साहेब समोर उभे होते, दांडा समोर होता, त्याने नुसतं म्हणायचं होतं की आता हलवून दाखव. मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तो खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाला की हॅलक्रोने तुला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. रॉय आधीच घरी बसलेला, धाकटीला तेव्हा खोकला होता, तू रोज डबा न खाता परत न्यायचीस ते मला दिसायचं.

मी म्हटलं, म्हणून तू स्वतःचा तारा सोडून दिलास?

"सोडला कुठे," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं ना तो आहे. लोकांना ठाऊक नव्हतं, एवढंच. दर वसंतात हस्त खाडीवर वर आला की मी काठावरच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहायचो. दिसायचं काही नाही. पण त्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की बरं वाटायचं."

मग जरा थांबून तो म्हणाला, मोठा संत समजू नकोस मला. दोन वर्षं तुझं तोंड बघवत नव्हतं, म्हणून तर पेट्यांच्या खोलीत गेलो. तिथेही राग लवकर गेला नाही. पण नंतर गेला, आणि तोवर सांगायला फार उशीर झाला होता, आणि काय सांगणार होतो, मी तुला माफ केलंय? तू तर मागितली नव्हतीस.

"आता मागते," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. एवढंच. हात पुढे करून आणखी एक वडी मागितली, मी दिली. खाडीवर भरती येत होती आणि आम्ही दोघं ती बघत बसलो, तो तिरक्या नजरेने, मी डोळे भरल्यामुळे धड कशानेच नाही. त्या वेळी बाहेर लख्ख दुपार होती. हस्त कुठेतरी पायांखाली असेल, जमिनीच्या पलीकडे, आणि त्यात तो आमचा एकटा, कोणी बघो न बघो, केसभर केसभर दक्षिणेला. तो आहे हे माहीत असलेला एक माणूस इतकी वर्षं जगात होता, आणि तो माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचा.

आयली चहा घेऊन आली. लेखात मर्डोचं नाव पहिलं असेल हे तिने त्याला सांगितलं. त्याने विचारलं, स्पेलिंग नीट घालशील ना, हॅलक्रोने पगाराच्या पाकिटावर नेहमी चुकवलं. चहा संपला. त्याने कप माझ्यापुढे सरकवला.

"हरलीस तू," तो म्हणाला. "धू."

मी तिन्ही कप घेऊन मोरीपाशी गेले. शेजारी गाडीवर बाकीच्या म्हाताऱ्यांचे कप पडले होते, तेही ओढून घेतले. तिथली बाई धावत आली, अहो राहू द्या, यंत्र आहे त्याला. मी म्हटलं, हे यंत्राचं काम नाही, बाई, तुम्ही जा. चौदा धुतले. शेवटचा पुसून ठेवेपर्यंत मी रडत होते, आणि मागे मर्डो आयलीला विचारत होता की दक्षिणेला म्हणजे नक्की कुठे, आता तो कोणाच्या शेजारून जाणार आहे.